लालबागचं पाटी नसलेलं पेटीचं दुकान : ४ स्टार, एक का कापला तेही सांगते

बाजाची पेटी दुरुस्त करायची असेल आणि घाई नसेल तर इथे जा. घाई असेल तर अजिबात जाऊ नका, उगाच तुमच्याही डोक्याला ताप आणि त्या काकांच्याही. एवढं वाचून पुढे गेलात तरी चालेल, कसं जायचं ते शेवटी लिहिलंय. पण मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण या एका पेटीपायी मी आठ महिने दोन दुकानांच्या पायऱ्या झिजवल्यात आणि त्यातल्या एका दुकानाला पायरीच नाहीये.

पेटी माझ्या बाबांची. ३७ पट्ट्यांची, डबल सुरांची (एका पट्टीला दोन सूर), १९७९ च्या दिवाळी बोनसमधून घेतलेली, तेव्हा बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मशीनवर, होते. आमच्या चाळीतल्या भजनी मंडळात तेव्हापासून तीच पेटी, दर गुरुवारी आणि एकादशीला. यंदा फेब्रुवारीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणंही जड झालं. पेटी वाजवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. म्हणजे बोटं शाबूत आणि हवा घालणारा हातच गेला.

आता घरात अशी वेळ आली की माणसं दोन प्रकारची भेटतात. आमच्याकडे फिजिओथेरपीला येणारा मुलगा पहिल्या प्रकारातला, गोड पोरगा, येतानाच जिन्यात गाणं म्हणत यायचा आणि पहिल्याच आठवड्यात बाबांना म्हणाला, "काका, पाडव्याला तुम्ही पेटी वाजवणार, लिहून घ्या!" आम्ही सगळे हसलो, बाबाही अर्ध्या तोंडाने हसले, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच उत्साहात मी पेटी काढली तर भाता फुसफुसतोय, दोन पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत आणि मधल्या सप्तकात सूर असे फाटलेले की 'सा' दाबला तर आवाज नुसता थरथरतोय. म्हटलं पाडव्याच्या आत करून आणू.

पहिल्या दुकानाचं नाव घेत नाही. काचेचं दुकान, एसी, भिंतीवर मोठमोठ्या गायकांचे फोटो. काउंटरवरच्या मुलाने पेटी उघडूनही बघितली नाही, नुसता भाता दोनदा हलवला आणि म्हणाला, "मॅडम, टेन्शनच नका घेऊ, एकदम नवीन होऊन जाईल! दहा दिवस!" हजार रुपये ॲडव्हान्स घेतला, पावती दिली, व्हॉट्सॲपवर नमस्काराचे दोन हात पाठवले. दहा दिवसांनी फोन केला तर "ऑलमोस्ट डन". पाडवा गेला. "मॅडम, या शनिवारी पक्का". अक्षय्य तृतीया गेली. प्रत्येक फोनला तो तितकाच खूश, तितकाच छान बोलायचा, मी चिडून फोन लावायचे आणि ठेवताना मीच त्याला थँक्यू म्हणायचे, ही त्याची कला मान्य करायलाच पाहिजे.

इकडे पाडव्याला काय झालं तेही सांगते. बाबा सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून पलंगावर बसले. कुणाला काही बोलले नाहीत, पण डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत होते, तो घसरायचा, परत ठेवायचे. पेटी तर घरात नव्हतीच. दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपले ते पुढचे चार दिवस व्यायाम नाही, काही नाही. तो मुलगा आला आणि म्हणाला, "काका, पाडवा गेला तर काय झालं, आषाढीला नक्की!" बाबांनी डोळे मिटून घेतले.

आई मात्र दुसऱ्या प्रकारातली. ती काहीच म्हणाली नाही. आंघोळ झाली की ओला पंचा बाबांच्या डाव्या हातात द्यायची आणि "पिळा" एवढंच म्हणायची. पंचा खाली पडायचा. उचलून परत द्यायची. दहा वेळा. मग स्वतः पिळून दांडीवर टाकायची आणि चहा ठेवायला जायची. चार दिवस बाबा रुसले होते तेव्हाही पंचा दिलाच, त्यांनी धरला नाही, तिने दहा वेळा दिला. मी एकदा विचारलं, "आई, तुला काय वाटतं गं, येईल का हात?" तर म्हणे, "वाटायचं काय त्यात. पंचा रोज पिळायचाच असतो."

असो, दुकानाकडे येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या काचेच्या दुकानातून पेटी आली. बाहेरून पॉलिश चकाचक, हँडल नवीन, आणि आत सगळं जसंच्या तसं. भाता तसाच गळतोय, सूर तसेच फाटलेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला वाजवत राहा, सुटेल हळूहळू. घरी आणल्यावर बाबांनी हात लावला, एक पट्टी दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पावती." मी दुकानाची पावती दाखवली. मान हलवली, नाही. परत "पावती." मला वाटलं पैसे परत माग म्हणतायत. हे "पावती" प्रकरण पुढे आठवडाभर चाललं, मी दर वेळी तोच कागद दाखवायचे आणि ते दर वेळी वैतागायचे.

लालबागच्या या दुकानाचं मला मंडळातल्या मृदंगवाल्या काकांनी सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा आहे ती, पाटी नाही, दाराला अर्धी फळी, वर एक ट्यूब आणि आत भिंतीभर टांगलेले पेट्यांचे सांगाडे. काका सत्तरीच्या आसपास असतील. पेटी ठेवली तर "काय झालंय" वगैरे विचारलं नाही. एकेक पट्टी दाबत गेले, डावीकडून उजवीकडे, सगळ्या ३७, आणि जिथे अडलं तिथे पट्टीवर पेन्सिलीने बारीक खूण. पंधरा मिनिटं मी उभीच, कारण बसायला काही नाही. मग विचारलं, "वाजवतो कोण?"

मी सांगितलं, बाबा, आणि मग डावा हात वगैरे सगळं. माझी तयारी झाली होती, आता हेही म्हणणार अरे होतील बरे, आमच्या शेजारच्यांचे झाले. काका काही म्हणाले नाहीत. भाता दोन बोटांनी ओढून सोडला, परत ओढला. "हा जड आहे. हलका करून ठेवतो." एवढंच.

"किती दिवस?"

"पाऊस लागतोय आता. लाकूड फुगलेलं असतं, आत्ता सूर लावले तर सुकल्यावर परत फिरतील. दसऱ्यानंतर या. झालेलं असेलच असं नाही."

मी अक्षरशः हबकले. जूनमध्ये उभी आहे मी आणि हा माणूस दसरा सांगतोय, तोही गॅरंटीशिवाय. गणपती मध्ये आहेत म्हटलं. "असू देत," म्हणाले. ॲडव्हान्स विचारला तर "झाल्यावर बघू". एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या तुकड्यावर लिहून दिलं, 'पेटी १, सूर ७४', खाली सही. हीच पावती.

मग त्यांनी वरची जाळी काढली, पट्ट्यांच्या मागे जी अरुंद फट असते तिच्यात बोटं घातली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "हे आत होतं. घेऊन जा, इथे हरवेल."

म्हाडाची पावती होती ती. गिरणी कामगारांच्या घरासाठी बाबांनी भरलेल्या अर्जाची.

दोन गोष्टी एकदम डोक्यात शिरल्या. एक, बाबा आठवडाभर कुठली पावती मागत होते. आणि दुसरी, त्या काचेच्या दुकानात आमची पेटी अडीच महिने होती आणि कुणी तिची जाळीसुद्धा उचलली नव्हती, कारण उचलली असती तर हा कागद हाताला लागलाच असता. ऑलमोस्ट डन!

आता जरा विषयांतर, पण त्या कागदाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कुणी कधी मागे घेतलाच नाही. मी तेव्हा जन्मले नव्हते, आई सांगते ते ऐकून माहीत. आमच्या मजल्यावर एक नाना होते, भारी माणूस, रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून जाहीर करायचे, होळीपर्यंत मिटतंय, मग गणपतीला बोनससकट आत जातोय, मग दिवाळी. लोकांना त्यांचा आधार वाटायचा. दुसऱ्या वर्षी नानांनी खोली विकली आणि गावाला गेले ते परत आले नाहीत, आई म्हणते जाताना कुणाशी बोलले पण नाहीत. बाबांना कुणी विचारलं तर ते "बघू" म्हणायचे आणि रात्रीच्या वॉचमनच्या ड्युटीवर निघायचे. घरातली पितळेची भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, पेटी राहिली, कारण गुरुवारी भजन होतं. भजनात बाबा कधी पुढे नसायचे, गजराला सगळी चाळ टाळ्या पिटत उभी राहायची तेव्हाही हे खाली मान घालून सूर धरून बसलेले.

मग घरांचे अर्ज आले, ते भरले, २०१२ ला म्हाडाची गिरणी कामगारांसाठी पहिली लॉटरी निघाली ६,९२५ घरांची आणि अर्ज लाखाच्या वर. बाबांचा नंबर नाही लागला. पुढच्या लॉटऱ्यांतही नाही. मला वाटलं होतं ते कधीच विसरले असतील. तो कागद त्यांनी पेटीत ठेवलाय हे आईलाही माहीत नव्हतं.

घरी जाऊन कागद हातात दिला तर उलटसुलट करून बघितला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. झालं. मीच रडले.

तर पुढचे साडेचार महिने. मी दसऱ्यापर्यंत थांबले असं समजू नका, मी चार चकरा मारल्या, त्यातल्या दोन फुकट कारण दुकान बंद होतं आणि काका फोन उचलत नाहीत. (एक स्टार इथेच कापलाय.) गणपतीत तर चुकूनही जाऊ नका, राजाच्या दर्शनाच्या रांगा त्या गल्लीपर्यंत आलेल्या असतात आणि पोलीस दोर लावून बसलेले, मी अर्धा किलोमीटर वळसा घालून गेले तर काका "पावसात नका येऊ" म्हणाले आणि परत कामाला लागले.

पण ज्या दोन वेळा दुकान उघडं होतं तेव्हा जे बघितलं ते लिहितेच. सूर म्हणजे आतली पितळेची पातळ जीभ. ती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. काकांकडे एक बारीक कानस आहे, ती फिरवायची दोन वेळा, फक्त दोनच, मग सूर तसाच सोडून द्यायचा. मला वाटलं चहा प्यायला थांबले. तर म्हणाले, घासल्यावर पितळ गरम होतं आणि गरम सूर खालचा बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवून अजून घासलंत तर थंड झाल्यावर तो वर चढून बसतो. थंड होऊ द्यायचा, मग ऐकायचा. "आणि घासलेलं परत चिकटवता येत नाही." असे ७४ सूर. त्यात एका पट्टीचे दोन सूर, खालचा खर्जाचा आणि त्याच्या वरचा नराचा, एकमेकांशी जुळले पाहिजेत, नाहीतर लाटा येतात, ती थरथर. जुळवलेला सूर आठ-दहा दिवस वाजवून परत तपासायचा, कारण तो हलतो. दिवसाला चार-पाच सुरांच्या वर हात घालत नाहीत ते. मी विचारलं, मशीन नाही का हल्ली, मोबाइलवर ट्यूनर असतो. आहे ना, म्हणाले, पुतण्याने टाकून दिलाय, बघतो मी त्याच्यात, पण शेवटी दोन सूर एकमेकांना काय म्हणतात ते कानानेच कळतं.

बोलताना एकदा सहज म्हणाले की त्यांच्या लहानपणी रेडिओवर पेटी ऐकूच यायची नाही. मी नंतर वाचलं, खरंच, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदीच घातली होती, म्हणे हे विलायती वाद्य, हिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, आपल्या श्रुती (सुरांमधले बारीक फरक) बसत नाहीत. मींड निघत नाही हे तर खरंच आहे. पण त्या तीस वर्षांत चाळींतली, देवळांतली भजनं काय बिनपेटीची झाली का? काकांचे वडील याच जिन्याखाली बसून तेव्हा पेट्या दुरुस्त करत होते. बंदी उठेल असं वाटायचं का त्यांना, विचारलं. काका म्हणाले, "गिऱ्हाईक यायचं ना."

बाबा अकरा वर्षं आळंदीहून चालत वारीला गेलेत. मी लहानपणी विचारायचे, दर्शन झालं? झालं. रांगेत उभे राहिलात? नाही, कळस दिसला. मला तेव्हा ते हरल्यासारखं वाटायचं, अडीचशे किलोमीटर चालून गेलात आणि कळस बघून परत? त्या जिन्याखाली काकांच्या समोर उभं असताना ते आठवलं, का कोण जाणे.

बाबांचं विचाराल तर सप्टेंबरात पंचा हातातून पडायचा थांबला. पिळला जात नाही अजून, पण धरला जातो. तो फिजिओचा मुलगा अजूनही येतो, तारखा द्यायचं त्याने सोडलंय, आईनेच एकदा त्याला चहा देताना सांगितलं की बाळा, सण मोजू नकोस त्यांच्यासमोर. गाणं मात्र म्हणतो जिन्यात, ते बरं वाटतं. त्याच्यावर माझा अजिबात राग नाही, आमच्या घरात दोन महिने तोच एकटा हसत होता आणि त्या हसण्याची गरज पण होती. काचेच्या दुकानातल्या मुलावर आहे. तोही खोटं बोलत नसावा, त्याला खरंच वाटत असणार की होऊन जाईल, पण जाळी उचलायला दोन मिनिटं लागतात हो.

दसऱ्यानंतर गेले, झालेलं नव्हतं. दिवाळीनंतर गेले, दोन सूर राहिले होते. कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला, आयुष्यात पहिल्यांदा, "न्या," आणि ठेवला. ४,२०० रुपये घेतले. बिल नाही, पण क्यूआर कोड आहे, तोही पुतण्याने चिकटवलेला. भात्याची आतली स्प्रिंग बदलली होती, कडांचं चामडं नवीन, आणि खरंच सांगते करंगळीने ओढला तरी हवा भरते. पॉलिशला हात लावलेला नव्हता, उलट काचेच्या दुकानवाल्यांनी लावलेलं नवीन हँडल काढून जुनंच परत बसवलं होतं, का विचारलं तर "ते धरताना बोट अडकतं".

एकादशीला मंडळी आमच्याच खोलीत जमली. पेटीच्या डावीकडे माझा भाचा बसला भाता घालायला, वय वर्षं नऊ, उजवीकडे बाबा. रूपाचा अभंग अर्धा झाल्यावर बाबांनी त्याला थांबवलं आणि स्वतःचा डावा हात उचलून भात्यावर ठेवला. दोन वेळा ओढला. तिसऱ्यांदा घसरला, भाच्याने परत धरला. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, मृदंगवाल्या काकांनी ठेका सोडला नाही एवढंच. आई आत खिचडी वाढत होती, तिने बघितलं की नाही मला माहीत नाही.

तर कसं जायचं. चिंचपोकळीला पूर्वेला उतरा, लालबागच्या दिशेने चालत या, आणि कुठल्याही चिवड्याच्या दुकानात 'पेटीवाले काका' विचारा, सांगतात. चारच्या नंतर जा, सोमवारी बंद. बसायला जागा नाही, गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी सोबत न्या. फोन करण्यात अर्थ नाही. तारीख विचारू नका, आणि पेटीत काही ठेवलं असेल तर आधी काढून घ्या, जरी त्यांच्याकडे हरवत नसलं तरी.

दुरुस्तीबद्दल एक तक्रार राहिलीच. वरच्या सप्तकातली काळी चार गेल्या आठवड्यापासून परत किंचित उतरली आहे, बाबांना लगेच कळलं, मला दोनदा ऐकल्यावर. फोन लावला, नवलाने उचलला. सांगितलं तर म्हणाले, "आणा. बघतो." शनिवारी घेऊन जातेय.